प्राथमिक माहितीनुसार

विरामबाईंचं हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. बस कंपनीत रुजू झाल्या त्याच आठवड्यात त्यांनी साहेबांच्या एका पत्रातले सात स्वल्पविराम लाल शाईने हलवले, दोन नवे घातले आणि पत्र परत पाठवून दिलं. तेव्हापासून त्या ‘स्वल्पविरामबाई’ झाल्या, आणि एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार म्हणून पुढे नुसत्या ‘विरामबाई’. त्यांना त्याचा राग नव्हता. त्याआधी बारा वर्षं त्यांनी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली होती आणि छापलेल्या अक्षराचा धाक त्यांच्या मनातून कधी गेलाच नाही. तोंडातून गेलेला शब्द माणसं विसरतात, छापलेला मात्र लोकांच्या घरात जाऊन बसतो, असं त्या नवऱ्याला सांगायच्या. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होता. तो म्हणायचा, माझ्याकडे काचेच्या नळ्या फुटतात, तुझ्याकडे वाक्यं.

कंपनीत त्यांचं पद जनसंपर्क अधिकाऱ्याचं. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली. खिडकीतून डेपोचं आवार दिसायचं, सकाळी गाड्या धुतलेलं पाणी उतारावरून वाहत फाटकापर्यंत यायचं. काम तसं बिनघोर. नवा मार्ग सुरू झाला की पत्रक काढायचं, प्रवाशांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची, तीन महिन्यांनी कंपनीचं घरगुती मासिक काढायचं. त्याला मासिक का म्हणायचं हे मात्र त्यांनाही कधी उमगलं नव्हतं. त्यात दर अंकात एका कामगारावर त्या पानभर मजकूर लिहीत. एकदा त्यांनी चौदा नंबरच्या चालकावर लिहिलं होतं. एकोणीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही असा माणूस. मागच्या सीटवर कुणाचा डोळा लागला असेल तर त्याची झोप मोडू नये अशी गाडी चालवायची, एवढंच आपल्याला येतं, असं तो लाजत लाजत म्हणाला होता.

शहरातल्या जनसंपर्कवाल्यांची एक संघटना होती. चांगली माणसं, बहुतेक सगळी निवृत्तीकडे झुकलेली. अकरा वर्षांपूर्वी या संघटनेने धंद्यासाठी आचारसंहिता लिहायला घेतली तेव्हा विरामबाई त्या समितीत होत्या. खोटं सांगू नये, अर्धवट सांगून दिशाभूल करू नये, हे सगळं बाकीच्यांनी लिहिलं. त्यांचं स्वतःचं असं कलम एकच. दिलेली माहिती चुकीची निघाली तर ती तितक्याच तत्परतेने आणि तितक्याच ठळकपणे दुरुस्त करावी. ‘तितक्याच ठळकपणे’ या दोन शब्दांसाठी त्या तीन बैठका भांडल्या होत्या. वर्तमानपत्रात त्यांनी पहिल्या पानावरच्या चुका सातव्या पानावर, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत दुरुस्त होताना पाहिल्या होत्या.

मग तो मंगळवार आला.

सकाळी नऊच्या सुमाराला चौदा नंबरची गाडी मोठ्या उतारावरून खाली आली, चौकात थांबलीच नाही, थांब्यावर उभ्या असलेल्या रांगेत शिरली आणि चपलांच्या दुकानाच्या भिंतीला जाऊन धडकली. दोन माणसं जागच्या जागी गेली. एक निवृत्त टपालवाला आणि एक कॉलेजात जाणारी मुलगी. आठ जण जखमी. चालकाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, त्याला शुद्धीवर यायला दुपार झाली.

साडेनऊपासून विरामबाईंच्या टेबलावरचा फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. वर्तमानपत्रं, वाहिन्या, ज्यांची माणसं त्या गाडीत होती ते, ज्यांची नव्हती पण ज्यांच्या जिवाला घोर लागला होता ते. दहाला साहेबांनी बोलावलं. खोलीत वाहतूकप्रमुख होते, कायदेसल्लागार होते. वाहतूकप्रमुखांनी मजकूर तयारच ठेवला होता: चालकाच्या बेदरकारपणामुळे अपघात. विरामबाईंनी विचारलं, हे कळलं कसं? वाहतूकप्रमुख म्हणाले, गाडी वेगात होती, चौकातल्या सगळ्यांनी पाहिलंय, आणखी काय कळायचं राहिलंय? साहेब घड्याळाकडे बघत होते. अकराच्या बातम्यांत काहीतरी जायला हवं होतं.

विरामबाई खोलीत आल्या आणि त्यांनी ‘बेदरकारपणा’ खोडला. खूप झगडून खोडला म्हणायला हरकत नाही, कारण त्यासाठी त्या पुन्हा साहेबांकडे गेल्या आणि तो शब्द काढल्याशिवाय सही करणार नाही म्हणाल्या. साहेबांनी मान्य केलं. मग त्यांनी लिहिलं: ‘प्राथमिक माहितीनुसार, उतारावर चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने हा अपघात घडला.’ सुरुवातीचे दोन शब्द त्यांचे स्वतःचे. त्या दोन शब्दांत आपण त्या माणसासाठी एक दार उघडं ठेवलंय असं त्यांना मनापासून वाटलं. आपण आपलं काम नीट केलं असंही वाटलं, आणि पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचत राहिलं ते हेच.

दुसऱ्या दिवशीच्या एकाही मथळ्यात ते दोन शब्द नव्हते. मथळ्यात जागा नसते, हे त्यांच्यापेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार?

गुरुवारी दुपारी कँटीनमध्ये वर्कशॉपचा फोरमन त्यांच्या समोर येऊन बसला. हा माणूस वर्षाकाठी दहा वाक्यं बोलणारा. त्याने ताटही घेतलं नव्हतं. खिशातून त्याने घडी घातलेली तीन पिवळी पानं काढली, टेबलाखाली धरली आणि वाचा म्हणाला. पाळी संपली की प्रत्येक चालक गाडीत काय बिघाड आहे ते तक्रारवहीत लिहितो. वरचं पांढरं पान कचेरीत जातं, कार्बनचं पिवळं वर्कशॉपमध्ये राहतं. पिवळ्या पानांवर चौदा नंबरच्या चालकाचं गोल, शाळकरी अक्षर होतं. शुक्रवार: ब्रेक उशिरा लागतो. शनिवार: ब्रेक उशिरा लागतो, कालही लिहिले आहे. सोमवार: ब्रेक फार उशिरा लागतो, कृपया पाहावे.

गाडी वर्कशॉपला का घेतली नाही, असं बाईंनी विचारलं. घ्यायची म्हणून त्याने दोनदा सांगितलं होतं. पण गाड्या कमी होत्या, एक फेरी रद्द झाली की वरून फोन येतो, आणि ती गाडी बाहेरच राहिली. पांढरी पानं आता कचेरीत नाहीत, हेही त्याने सांगितलं. बुधवारी सकाळपासून नाहीत. बाईंनी पिवळी पानं मागितली तेव्हा त्याने ती पुन्हा खिशात घातली.

“बाई, मला दोन मुली आहेत,” तो म्हणाला. “तुम्हाला माहीत असावं म्हणून दाखवलं. दिलं नाही.”

त्याच दुपारी विरामबाई साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कागद कुठे आहे असं विचारलं. बाईंनी फोरमनचं नाव घेतलं नाही. मग साहेब म्हणाले की आता सरकारी चौकशी सुरू झाली आहे, आणि चौकशी चालू असताना कंपनीने काही बोलणं बरोबर नाही.

“मग मंगळवारी आपण का बोललो?” बाईंनी विचारलं.

“मंगळवारी चौकशी सुरू झाली नव्हती,” साहेब म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते. त्यांना ते खरोखर पटलेलं होतं. निदान एक दुरुस्तीचं पत्रक काढू द्या, एवढं त्यांनी मागितलं. साहेबांनी कायदेसल्लागारांना दाखवून घ्या म्हणून सांगितलं.

कायदेसल्लागार पेन्सिलीने काम करत. बाईंनी पाच वाक्यं लिहून नेली होती. पहिलं वाक्य, अपघाताच्या कारणाबद्दल कंपनीने दिलेली माहिती अपुरी होती. यातून जबाबदारी ओढवते म्हणून ते गेलं. गाडीच्या यांत्रिक स्थितीचीही तपासणी व्हावी; म्हणजे स्थिती वाईट होती असा अर्थ निघतो, गेलं. चालकाची सेवा एकोणीस वर्षं निर्दोष होती. मग नेमका आत्ताच अपघात का, असं लोक विचारतील, गेलं. पत्रकारांनी निष्कर्ष काढू नयेत; पत्रकार दुखावतील, गेलं. पेन्सिल खाली ठेवली तेव्हा एकच वाक्य शिल्लक होतं: कंपनी तपासात पूर्ण सहकार्य करत आहे. कायदेसल्लागारांनी कौतुकाने सांगितलं की हे मात्र फार छान लिहिलंय.

ते पत्रक निघालं. कुणीच छापलं नाही, आणि छापलं नाही हेच बरं झालं असं बाईंना वाटलं.

घरी नवऱ्याने समजूत घातली. “तू चूक केली नाहीस. तुला चुकीचं सांगितलं गेलं.”

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण ते मला सांगितलं गेलं. मी ते सगळ्या गावाला सांगितलं.”

शनिवारी त्यांनी जुन्या वर्तमानपत्रातल्या मित्राला फोन केला. एका टेबलावर बसून दोघांनी काही वर्षं काढली होती. आता तो शहराच्या पानांचा संपादक होता. त्याने पहिला प्रश्न विचारला तो कागदाचा. कागद नव्हता. दुसरा, कोण बोलतंय म्हणून छापू? माझं नाव छाप, बाई म्हणाल्या. तो सावकाश, समजावल्यासारखं बोलला. पत्रक तुझ्या सहीचं, आता तूच म्हणतेस ते खोटं, आणि हातात पुरावा नाही. यातून बातमी तुझी होईल, ब्रेकची नाही. वर दोन दिवसांत तुमच्या वकिलांची नोटीस माझ्या टेबलावर. चौकशीचा अहवाल आला की लगेच कळव, पहिल्या पानावर घेतो. तो खोटं बोलत नव्हता. फोन ठेवताना त्याने तब्येतीला जप असं सांगितलं, आणि बाईंना कुणीतरी हळूच दाराबाहेर नेऊन सोडल्यासारखं वाटलं.

रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. चौदा नंबरचा चालक उभा होता, हात गळ्यात बांधलेला, मागे त्याची बायको. पत्ता कँटीनमधून मिळवला म्हणाला. आत येऊन तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. त्याला कामावरून तात्पुरतं दूर केलं होतं, चौकशीपुढे लेखी निवेदन द्यायचं होतं, आणि उजवा हात तर असा बांधलेला. त्याच्या बायकोने पिशवीतून मासिकाचं पान काढलं, प्लास्टिकच्या पाकिटात नीट जपून ठेवलेलं.

“ताई, तुम्ही माझ्यावर एवढं चांगलं लिहिलं होतं,” तो म्हणाला. “म्हटलं, तुमच्याकडूनच लिहून घ्यावं. तुम्हाला शब्द सापडतात.”

बायकोने सांगितलं की गल्लीतला दुकानदार आता त्यांना पाहिलं की दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागतो. मुलीला वर्गात बाकावर कुणी शेजारी बसत नाही. मुलीने बातमी कापून वहीत ठेवली आहे, का ते विचारलं तर सांगत नाही.

विरामबाईंना उठून आत जावं असं वाटलं. पाणी आणायला म्हणून त्या उठल्याही, स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या राहिल्या, पाण्याचे पेले घेऊन परत आल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, “ते पत्रक मी लिहिलंय. ताबा सुटला, ते माझं वाक्य आहे.”

चालकाला पहिल्यांदा कळलं नाही. त्याच्या बायकोला कळलं. तिने हातातलं पान पुन्हा पाकिटात घातलं, पाकीट पिशवीत घातलं आणि ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली. चालक मात्र बसून राहिला. जमिनीकडे पाहत त्याने विचारलं, “त्यात सुरुवातीला प्राथमिक असं काहीतरी होतं ना? मुलगी वाचत होती. म्हणजे काय ते?”

“म्हणजे आत्ता एवढंच कळलंय. नंतर बदलू शकतं.”

“मग बदललं का?”

बाईंनी मान हलवली. नाही. त्याने जरा विचार केला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधूनही सापडेना, आणि तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

“मग लिहून घ्या ताई,” तो म्हणाला. “कसं लिहिलं तर लोकांना खरं वाटतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

दीड तास तो सांगत होता आणि त्या लिहीत होत्या. ब्रेकचं पायडल कसं जमिनीला टेकलं, हातब्रेक ओढला तेव्हा कसला वास आला, रांगेतल्या त्या मुलीने कानातला इअरफोन काढून वर कसं पाहिलं. तीन तक्रारींच्या तारखा त्याला पाठ होत्या. बाईंनी एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही. त्याच्या डाव्या हाताची वेडीवाकडी सही झाली. जाताना त्याने आभार मानले. बायको जिन्यात उभी होती, तिने वर पाहिलं नाही.

आता करण्यासारखं एकच उरलं होतं. विरामबाईंनी संघटनेच्या नीतिसमितीकडे तक्रार केली: या पत्रकाने आचारसंहितेचा भंग झाला आहे, आणि दुरुस्ती नाकारली गेली आहे. समिती जाहीरपणे काही बोलली, तर कंपनीला उत्तर द्यावं लागेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. समितीत तिघे जण होते, तिघेही ओळखीचे. महिन्याभराने त्यांनी बाईंना बोलावलं. एका ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांवर सुनावणी झाली. सगळ्यात वडील सदस्याने अवघडून सांगितलं की अडचण अशी आहे, कंपनी संघटनेची सभासद नाही. साहेब नाहीत, वाहतूकप्रमुख नाहीत, कायदेसल्लागार तर नाहीतच. संहिता सभासदांना लागू. सभासद तुम्ही एकट्या.

“आणि पत्रकावर सही तुमची आहे,” दुसरा म्हणाला. “शिवाय तक्रारही तुम्ही दिलीय, म्हणजे गुन्हा कबूलच. आम्ही तरी काय करायचं, सांगा.”

त्यांना बाईंची कीव येत होती. पण तक्रार आली की निर्णय द्यावाच लागतो, असा नियम होता, आणि तो नियमही बाईंच्याच समितीने केला होता. निर्णय एका पानाचा होता. पडताळणी न करता माहिती प्रसृत केल्याबद्दल ठपका, एक वर्ष सभासदत्व स्थगित. अकरा वर्षांत आचारसंहितेखाली झालेली ही पहिली कारवाई. संघटनेने ती सगळ्या सभासदांना पाठवली, सोबत चार ओळी जोडल्या की संहिता नुसती कागदावर नाही, हे यातून दिसतं.

साहेबांपर्यंत ते पान पोचायला दोन दिवस लागले. त्यांनी बाईंना बोलावून, आवाज न चढवता सांगितलं की जिच्यावर व्यवसायाच्या संघटनेने ठपका ठेवला आहे अशा व्यक्तीच्या सहीने पत्रकं काढणं कंपनीला शोभणार नाही. बाईंची बदली वेळापत्रक विभागात झाली. तळमजल्यावर, मागच्या बाजूला, जिथे नुसते आकडे तपासायचे असतात. राजीनामा त्यांनी दोनदा लिहिला. दोन्ही वेळा लक्षात आलं की हा कागद कुणी अडवणार नाही, उलट सगळ्यांचा जीव भांड्यात पडेल. तो त्यांनी दिला नाही. त्यात धीर होता की भित्रेपणा, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

चौकशीचा अहवाल पाच महिन्यांनी आला. तक्रारवहीची संबंधित पानं उपलब्ध नाहीत. फोरमनला विचारलं, त्याने आठवत नाही असं सांगितलं. चालकाचं निवेदन नोंदीसाठी जोडलं आहे, परंतु त्याला अन्य पुराव्याचा आधार नाही. यांत्रिक दोष सिद्ध होत नाही. चालकाला कंपनीने काढून टाकलं. विरामबाईंनी मित्राला फोन केला. त्याने अहवाल पहिल्या पानावर घेतला, शब्द दिल्याप्रमाणे. फोरमन त्यानंतर कँटीनमध्ये दुसऱ्या टोकाला बसू लागला, आणि बाईंनी त्याच्याकडे कधी रागाने पाहिलं नाही. आपण कोणत्या तोंडाने पाहायचं?

एक घर मात्र राहिलं होतं. अपघातात गेलेल्या त्या कॉलेजातल्या मुलीच्या आईचं. तिथे जाऊ नकोस म्हणून नवऱ्याने सांगून पाहिलं, मग छत्री काढून दिली.

तिसऱ्या मजल्यावरची एकच खोली होती. आई कपडे शिवायची. खिडकीपाशी मशीन, भिंतीवर मापांच्या चिठ्ठ्या टाचलेल्या, खुर्चीवर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश. तिने गणवेश उचलून बाईंना बसायला जागा केली. बाईंनी सगळं सांगितलं. पत्रक, पिवळी पानं, पेन्सिल, अहवाल. स्वतःला कुठे झाकलं नाही. आई मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होती. बाईंचं संपल्यावर तिने विचारलं, ती गाडी आता कुठे असते.

वेळापत्रक विभागात असल्यामुळे बाईंना ते माहीत होतं. दुसऱ्या मार्गावर धावते, त्या म्हणाल्या.

“ब्रेक नवे बसवले?”

“बसवले. त्याच आठवड्यात.”

आईने गणवेशाची शिवण बोटांनी चाचपली. मग म्हणाली, “त्या माणसावर राग धरून मी दिवस काढलेत. सकाळी उठल्यावर काहीतरी लागतं धरायला. आता तुम्ही म्हणताय, त्याचा दोष नव्हता. मग मी राग कुणावर धरू? कंपनीवर? कंपनी म्हणजे कोण?”

“माझ्यावर धरा,” बाई म्हणाल्या.

आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. पिकलेले केस, मांडीवर घट्ट धरलेली छत्री, चष्म्याची सैल झालेली काडी.

“नाही हो जमत,” ती म्हणाली. “या आता तुम्ही. मला उद्या चार गणवेश द्यायचेत.”

विरामबाई बाहेर आल्या. दार मागे लागलं. जिन्यात त्या कठड्याला धरून थांबल्या, आतून मशीन सुरू झाल्याचा आवाज येईल म्हणून. तो आला की निघू, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तो आला नाही. खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर चढत येत होतं, त्याला वाट द्यायला म्हणून त्या भिंतीला टेकल्या, आणि मग एकेक पायरी करत खाली उतरल्या.